शल्यचिकित्सकांच्या संघटनेचे सदस्यत्व: रुग्णाने त्याचा काय अर्थ घ्यावा?

प्रश्न: कागलकर

नमस्कार. माझ्या आईच्या पित्ताशयात खडे असून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून पित्ताशय काढण्याचा सल्ला तिला मिळाला आहे. दुसरे मत घ्यावे म्हणून गेल्या आठवड्यात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून फिरलो, तेव्हा एका पाटीवर एम.एस.नंतर एफ.ए.आय.एस., दुसरीवर एफ.आय.ए.जी.ई.एस., तर तिसऱ्या दवाखान्याच्या भिंतीवर सर्जन मंडळींच्या संघटनेचे आजीव सदस्यत्वाचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले दिसले. चौथ्या डॉक्टरांच्या पाटीवर नुसतेच एम.एस. होते आणि आमच्या शेजाऱ्यांचा भरवसा नेमका त्यांच्यावरच आहे. ही सदस्यत्वे असलेला डॉक्टर अधिक कुशल समजावा का? आणि पुढेमागे काही बिनसले, तर संघटनेकडे दाद मागता येते का?

उत्तर: वकिलीच्या वाटेवर

शेवटच्या प्रश्नापुरते सांगतो. संघटना ही स्वेच्छेने एकत्र आलेल्या व्यावसायिकांची संस्था असते. ती फार तर सभासदत्व काढून घेईल, डॉक्टरचा परवाना नव्हे. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करावी लागते, कारण नोंदणी तिच्याकडे असते. नुकसानभरपाई हवी असल्यास ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे.

उत्तर: निवृत्त सर्जन

आधी अक्षरांचा उलगडा करतो. एफ.ए.आय.एस. ही 1938 मध्ये स्थापन झालेल्या ॲसोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया या संघटनेची फेलोशिप आहे. एफ.आय.ए.जी.ई.एस. ही दुर्बिणीतून पोटाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या संघटनेची असून ती अभ्यासवर्ग आणि परीक्षेनंतर मिळते. शस्त्रक्रिया करण्याची मुख्य पात्रता एम.एस. किंवा डी.एन.बी. (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) हीच, बाकीची अक्षरे तिच्यावरची भर आहेत, तिची जागा घेणारी नाहीत.

मग या संघटनांचा उपयोग काय, तर तुमच्या आईच्या शस्त्रक्रियेचेच उदाहरण घ्या. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. माझ्या पिढीचे एम.एस. तोवर होऊन गेले होते आणि महाविद्यालयात हे तंत्र आम्हाला कोणी शिकवलेलेच नव्हते. पोट उघडून काम करायची सवय लागलेला हात पडद्याकडे बघत चालवायला आम्ही शिकलो ते संघटनांच्या कार्यशाळांतून, आधी दुसऱ्याची शस्त्रक्रिया पाहत आणि नंतर जाणत्या माणसाला शेजारी उभे करून. त्या काळात पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण जगभर वाढले होते आणि ती का होते हे समजले, तेही सर्जननी आपापल्या चुका एकमेकांसमोर मांडल्यामुळे. पित्ताशयाकडे जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, म्हणजे त्याची नलिका आणि त्याला रक्त पुरवणारी रोहिणी, स्वच्छ दिसल्याखेरीज काहीही कापायचे नाही, हा आजचा दंडक त्यातूनच रुजला.

उत्तर: शाहूपुरीकर

निवृत्त सर्जन यांचा आदर राखून म्हणतो की, हे चित्र जरा गोड झाले. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली, तेव्हा त्याच गावातले दुसरे डॉक्टर कागद बघून गप्प बसले. एकानेही लेखी मत दिले नाही. अधिवेशने, शाली, पुष्पगुच्छ आणि औषध कंपन्यांचे मांडव हेच बाहेरच्याला दिसते. आपल्या माणसाला सांभाळून घेणे हेही संघटनेचे एक कामच असावे.

उत्तर: निवृत्त सर्जन

शाहूपुरीकर यांचा आक्षेप मी खोडून काढणार नाही, उलट त्याला पुरावाच जोडतो. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांचा आग्रह असा होता की, प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद ठेवावी आणि अपयशाचे कारणही लिहावे. सहकाऱ्यांना ते रुचले नाही आणि 1914 मध्ये त्यांनी आपल्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. मात्र 1913 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यांचाच विचार पुढे नेऊन रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा 100 किंवा अधिक खाटांच्या 692 रुग्णालयांपैकी अवघी 89 किमान निकषांना उतरली. नावे वृत्तपत्रांच्या हाती लागू नयेत म्हणून 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात बैठक होती, तिथल्याच भट्टीत ती यादी जाळण्यात आली. एकाच संघटनेने आरसाही आणला आणि त्यावर पडदाही टाकला. निकष मात्र जळले नाहीत. त्यांच्या आधारे पाहण्या पुढेही होत राहिल्या.

म्हणून कागलकर, प्रमाणपत्र चौकटीत आहे की नाही यापेक्षा त्या डॉक्टरांना दोन-तीन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. गुंतागुंतीच्या केसेसची चर्चा ते इतर सर्जनांबरोबर नियमित करतात का? जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची 19 मुद्द्यांची तपासणी सूची त्यांच्या शस्त्रक्रियागृहात प्रत्यक्ष वाचली जाते का? आणि आत नीट दिसले नाही, तर ते पोट उघडून शस्त्रक्रिया करतील का? या शेवटच्या प्रश्नावर जो डॉक्टर ‘आमच्याकडे तशी वेळच येत नाही’ म्हणेल, त्याच्याविषयी मी साशंक राहीन, मग पाटीवर कितीही अक्षरे असोत.

कागलकर

मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. चौथे डॉक्टर कोणत्याच संघटनेत नसतील, तर त्यांचे ज्ञान जुने राहिले असे समजावे का?

उत्तर: निवृत्त सर्जन

पाटीवर लिहिले नाही म्हणजे सभासद नाहीत, असे नव्हे. पुष्कळ जण ती अक्षरे लावत नाहीत. शिवाय महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी 5 वर्षांत 30 क्रेडिट, म्हणजे व्याख्याने-परिषदांना हजर राहून मिळणारे गुण, मिळवावे लागतात, त्यामुळे व्याख्यानांना त्यांनाही जावेच लागते. अर्थात हजेरी लावणे आणि शिकणे यांत अंतर असतेच. वरचे तिन्ही प्रश्न त्यांनाही विचारा, आणि जाताना आईंची सोनोग्राफी व यकृताच्या रक्त तपासणीचे अहवाल बरोबर न्या. खडा मुख्य पित्तनलिकेत उतरला असेल, तर आधी तो काढावा लागेल आणि मग सगळा बेतच बदलेल.