प्री-रिलीज विंडोज वापरून बघायची आहे: अपग्रेड करू की फॉरमॅट मारून टाकू?

अर्धविराम
मंडळी, विंडोज ११ची पुढची आवृत्ती इनसायडरमधून (मायक्रोसॉफ्टचा आगाऊ चाचणीचा कार्यक्रम) आधीच वापरून बघायचं डोक्यात आहे. लॅपटॉपवरची विंडोज बरीच मुरलेली आहे. आधी १० होती, तिच्यावरच ११ चढवली, मधल्या आवृत्त्याही एकीवर एक. हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याचा सेटअप आता कुठेच मिळत नाही. स्कॅनरच्या ड्रायव्हरचंही तेच.
मित्र म्हणतो, बीटा (चाचणीची आवृत्ती) टाकायची तर फॉरमॅट मारूनच टाक, नाहीतर दोष बीटाचा की तुझ्या जुन्या कचऱ्याचा ते कळणार नाही. ऑफिसातला एक जण म्हणतो, हल्ली फॉरमॅट कोण मारतं? दुसरा लॅपटॉप नाही. मला फीडबॅकही द्यायचाय, नुसते नवे आयकॉन बघायचे नाहीत. काय करू?

शंकासूर
एकच लॅपटॉप आणि त्यावर हिशेब. उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. नका करू.

जुनी_चावी
शंकासूर, इतक्यात दार लावू नका हो.

अर्धविराम, तुमचा मित्र आणि ऑफिसवाले दोघेही बरोबर आहेत, पण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. रोज वापरायला मशिन हवं असेल तर कोरं इन्स्टॉल (फॉरमॅट मारून) बरं. पण टेस्टिंग करायचंय म्हणता ना? मग अपग्रेडच करा, कारण आवृत्ती बाहेर पडली की बहुतेक लोक तेच करणार आहेत.

उदाहरण देतो. ऑक्टोबर २०१८ची विंडोज १०, आवृत्ती १८०९. काही लोकांच्या फाइल्स अपग्रेडमध्ये उडाल्या. झालं असं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलेल्यांची तक्रार होती की जुन्या जागी रिकामं फोल्डर उगाच शिल्लक राहतं. ते साफ करायला नवीन कोड घातला. पण कित्येकांच्या त्या जुन्या फोल्डरमध्ये फाइल्स तशाच पडून होत्या, आणि कोडने त्यांच्यासकट फोल्डर साफ केलं. २ ऑक्टोबरला आलेली आवृत्ती काही दिवसांत मागे घेतली, पुन्हा आली ती १३ नोव्हेंबरला. आता सांगा, कोऱ्या डिस्कवर कितीही महिने टेस्ट केलं असतं तर हे दिसलं असतं का? तिथे जुनं फोल्डरच नाही!

तुम्ही ज्याला कचरा म्हणता (वळवलेली फोल्डर, पडीक ड्रायव्हर, सेटअप हरवलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर) तोच टेस्टरकडचा खरा माल. फक्त तो मूळ मशिनवर पणाला लावू नका, त्याची प्रत काढून तिच्यावर प्रयोग करा. सिसइंटर्नल्सचं डिस्कटूव्हीएचडी नावाचं छोटं टूल आहे. चालू विंडोजचीच व्हर्च्युअल डिस्क बनवून देतं. ती हायपर-व्हीमध्ये (विंडोजच्या आतच दुसरा संगणक चालवायची सोय) सुरू करा, नेटवर्क बंद ठेवा, आत इनसायडरची आयएसओ (इन्स्टॉलची डिस्क-फाइल) जोडून सेटअप चालवा. ॲक्टिव्हेशनची कुरकुर होईल, दुर्लक्ष करा.

रात्रपाळी
चावीदादांच्या १८०९च्या गोष्टीला पुरवणी. तो घोटाळा इनसायडरवाल्यांनी आधीच कळवला होता! फीडबॅक हबमध्ये (तक्रारी नोंदवायचं विंडोजचं ॲप) नोंदी होत्या, पण मतं कमी म्हणून वर आल्याच नाहीत. त्यानंतर किती नुकसान झालं ते सांगायची सोय हबमध्ये आली. तेव्हा अर्धविराम, फीडबॅक देताना 'अपग्रेडनंतर फाइल्स दिसत नाहीत' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या बिल्डवरून (क्रमांक दिलेली आवृत्ती) कोणत्या बिल्डवर गेलात, फोल्डर कुठे होती, आधी काय होतं आणि नंतर काय, सगळं लिहा. अपग्रेड मध्येच अडकून मागे फिरलं तर सेटअपच्या पँथर फोल्डरमधली सेटअपएरर लॉग उघडा. वाचायला रटाळ असते, पण कोणत्या ड्रायव्हरने पाय ओढला ते बहुतेकदा तिथेच सापडतं.

एका गोष्टीत मात्र मी मित्राच्या बाजूने. व्हर्च्युअल मशिनमध्ये ग्राफिक्स, वाय-फाय, झोपवून उठवणं यातलं काहीच खरं तपासलं जात नाही. त्यासाठी खरं मशिनच लागतं, आणि तिथे मी तरी आधी कोरं इन्स्टॉल करून बघतो. कोऱ्यावरही वाय-फाय पडत असेल तर दोष नव्या बिल्डमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये, माझ्या पसाऱ्यात नाही.

जुनी_चावी
+१, हे मान्य. एक बिल्ड दोन्ही प्रकारे टाकून बघता आली तर सोन्याहून पिवळं. पण बीटावर बीटा, त्यावर आणखी बीटा अशी माळ लावून 'अपग्रेड तपासलं' म्हणणारे असतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. विंडोज ७च्या वेळी, २००९मध्ये, बिल्ड ७००० ही बीटा होती आणि ७१०० ही आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळपास अंतिम). बीटावरून थेट आरसीवर जाणं मायक्रोसॉफ्टने मुद्दाम अडवलं होतं. म्हणणं असं की खरा ग्राहक व्हिस्टावरून येणार, तर तुम्हीही व्हिस्टावर परत जा आणि तिथून या. लोकांनी अर्थातच आरडाओरडा केला. शेवटी पळवाटही त्यांनीच सांगितली: सोर्सेस फोल्डरमधल्या सीव्हर्जन नावाच्या आयएनआय फाइलमधला आकडा कमी करा. मूळ म्हणणं मला आजही पटतं.

अवांतर: 'अपग्रेड म्हणजे जुन्यावर रंगाचा हात' ही समजूत एक्सपीच्या काळातली. व्हिस्टापासून सेटअप नवी विंडोज वेगळी उभी करतो, जुनीला 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवतो आणि तुमच्या फाइल्स, प्रोग्राम, सेटिंग इकडून तिकडे नेतो. म्हणजे घोळ होतो तो बहुधा या सामान हलवण्यात. सिस्टीम फाइल्स ताज्याच असतात.

सालपट
मॅकवाल्यांची हजेरी. आमच्याकडे एपीएफएसमुळे (ॲपलची फाइल सिस्टीम) त्याच डिस्कवर वेगळा व्हॉल्यूम (स्वतंत्र कप्पा) काढून बीटा टाकता येते, जागा आधी वाटून द्यावी लागत नाही. मॅकओएसच्या बिग सर आवृत्तीपासून सिस्टीमचा व्हॉल्यूम सीलबंद असतो, त्यामुळे फॉरमॅट की अपग्रेड हा वाद आमच्यात बराच थंडावलाय. जुना पसारा उरतो तो डेटाच्या बाजूला.
पण व्हॉल्यूम वेगळा असला तरी अकाउंट एकच असतं, हे बरेच जण विसरतात. २०१९मध्ये आयओएस १३ने रिमाइंडर्सची रचना बदलली. फोनवर एकदा 'अपग्रेड करा' दाबलं की मोहावे आवृत्तीवाल्या मॅकवर ती यादी दिसेनाशी व्हायची, पुढची आवृत्ती कॅटलिना येईपर्यंत. तेव्हा बीटासाठी अकाउंटही वेगळं काढा.

मुक्तस्रोती
लिनक्सवर हा प्रश्न नाही असं म्हणणार होतो, पण तेवढं खोटं नको बोलायला. उबुंटूची बीटा टाकली आणि नेहमीचे अपडेट घेत राहिलात की अंतिम आवृत्तीवर आपोआप पोचता, हे सुख खरं. अपग्रेडमध्ये उबुंटू बाहेरच्या रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचे साठे) बंद करते, त्या नंतर एकेक तपासून चालू कराव्या लागतात. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारायची नाही, एवढं एक पाळा.

अर्धविराम
वा, एवढं अपेक्षित नव्हतं. डिस्कटूव्हीएचडीचं पक्कं. समजा नंतर लॅपटॉपवरच घ्यावीशी वाटली, तर इनसायडरचं कोणतं चॅनल? दहा दिवसांत मागे जाता येतं असं वाचलंय, म्हणजे धोका नाही ना?

जुनी_चावी
ते दहा दिवस विंडोज डॉट ओल्ड जागेवर आहे तोवरच. डिस्क क्लीनअपने ते उडवलंत की परतीची वाट बंद. मुदत विंडोजच्याच डीआयएसएम टूलच्या कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती दहा दिवस संपायच्या आत द्यायची. आणि मध्येच पुढची मोठी बिल्ड आली की विंडोज डॉट ओल्डमध्ये आधीची बीटा जाऊन बसते, तुमची मूळ विंडोज नाही. इनसायडरमध्ये हे हमखास होतं.

चॅनल रिलीज प्रिव्ह्यू, फार तर बीटा. ही दोन्ही पुढची आवृत्ती बाहेर पडली की डिस्क न पुसता सोडता येतात. कॅनरीत (सगळ्यात कच्च्या बिल्डचं चॅनल) शिरलात तर बाहेर पडायला कोरं इन्स्टॉलच, आणि मग हिशेबाचं सॉफ्टवेअर परत कुठून आणणार? त्यामुळे आधी क्लोनझिला या टूलने अख्ख्या डिस्कची इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती एकदा परत चढवून बघा.

रात्रपाळी
आणि इनसायडरमध्ये ऐच्छिक डायग्नोस्टिक डेटा चालू ठेवावाच लागतो. लॅपटॉपवर ऑफिसची कागदपत्रं असतील तर आधी विचारून घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. 'लॅपटॉपमध्येच सेव्ह आहे' म्हणणारा दर वेळी एक तरी भेटतो.

शंकासूर
माझं उत्तर अजूनही तेच आहे. पण व्हर्च्युअल डिस्कवर हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं की नाही, ते इथे कळवा.