मदत हवी आहे: प्रोग्रामिंग न शिकता पायरीपायरीने बीजगणित करता येईल अशी प्रणाली

नमस्कार मंडळी,

यामिकीची पुस्तकं मी आवड म्हणून वाचते. त्यातल्या लांबलचक राशी कागदावर सोडवताना कुठे एक उणे चिन्ह निसटलं की पुढची सगळी पानं वाया जातात. म्हणून अक्षरांचं गणित अक्षरांतच करणारी प्रणाली हवी आहे. १/३ चं ०.३३३३ झालेलं मला चालत नाही.

सध्या डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा वापरतेय. मोफत आहे आणि बऱ्याच आज्ञा मेनूतूनच देता येतात. क्षⁿ चं संकलन मागितलं तर ते आधी विचारतं, घातांक उणे एक आहे का? हे मला मनापासून आवडलं, कारण चांगला शिक्षकही इथेच थांबवून हाच प्रश्न विचारेल.

अडचण अशी की सरळरूपाची आज्ञा दिली की पूर्ण राशीच बदलते. मला फक्त एका कंसाचे अवयव पाडायचे असतात, बाकीचं जसंच्या तसं राहायला हवं. शिवाय (क्ष² − १)/(क्ष − १) चं क्ष + १ होतं, पण क्ष = १ चालत नाही ही अट कुठेच उरत नाही. सिमपाय चांगलं आहे असं ऐकलं, पण त्यासाठी पायथन लिहावं लागतं आणि माझा वेळ मला गणितालाच द्यायचा आहे. काय वापरू?

प्रतिसाद:
जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमधला सीएएस (अक्षरांचं बीजगणित करणारा) भाग उघडून पाहा. राशीचा हवा तेवढाच तुकडा माउसने निवडून अवयव पाडण्याचं बटण दाबलं की क्रिया तेवढ्यावरच होते. त्यामागचं, प्रत्यक्ष गणित करणारं इंजिन जियाक आहे, तेच एक्सकॅस या दुसऱ्या बीजगणित प्रणालीतही आहे. १९८८ साली आलेल्या डिराइव्ह या अशाच प्रणालीतही असा तुकडा निवडता यायचा. त्याची विक्री २००७ मध्ये थांबली याचं मला अजून वाईट वाटतं.

अटीबद्दल: या प्रणाली त्या राशीकडे फलन म्हणून पाहत नाहीत, दोन बहुपदींचा भागाकार म्हणून पाहतात. तिथे क्ष हे निव्वळ चिन्ह असतं, त्यामुळे छेद शून्य होण्याचा प्रश्नच येत नाही. ती अट आपणच शेजारी टीप म्हणून लिहून ठेवायची. वर्गमुळांचं तसं नाही. मॅक्सिमा √(क्ष²) चं केवलमूल्य देतं, पण ‘अझ्यूम’ आज्ञेने क्ष धन आहे असं आधी सांगितलंत तर नुसता क्ष मिळतो.

धागालेखिका:
खूप आभार! तुकडा निवडून पाहिला, अगदी हेच हवं होतं. अटींचं कारणही आता पटलं. आणखी एक विचारते: सदिशांच्या राशी घटकांत न फोडता, अदिश आणि सदिश गुणाकार तसेच ठेवून सोडवायच्या असतील तर यांतलं काही चालेल का?