उसातला बिबट्या: धरून लांब सोडला की प्रश्न मिटतो का?

ओतूरकर
आमच्याकडे पुन्हा 'बिबटे धरा आणि लांब जंगलात सोडा' सुरू झालंय. अहो, हे जुन्नरने करून पाहिलंय! 2001 पासून धरलेले बिबटे दुसऱ्या रानात सोडले आणि वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले 17 वर गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेयांच्या अभ्यासात आलंय हे. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बावचळणारच. आणि त्याला बोलावलं कुणी? धरणं झाली, कालवा आला, मागोमाग ऊस. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं दाट रान, आत गारवा, बाहेर उकिरड्यावर पोसलेली कुत्री. शेजारच्या अकोले तालुक्यात विष्ठा तपासली, तर त्याच्या खाण्यात 87 टक्के पाळीव जनावरं आणि गावकुत्रीच निघाली. ताट आपणच वाढतोय.

रात्रपाळी
वाचून बरं वाटलं. आता रात्री दोनला मोटार चालू करायला तुम्ही या. आमची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीचीच. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं, खिशातल्या मोबाईलवर मोठ्यानं भजन लावायचं आणि पाण्याची दारं धरायला वाकायचं. गेल्या महिन्यात गोठ्यातून गाभण शेळी नेली. पंचनामा झालाय, भरपाई येईल तेव्हा येईल. तुमच्या अन्नसाखळीत माझी शेळी कितव्या पायरीवर बसते, तेवढं सांगा.

सहजच
माणूस निसर्गाचाच भाग म्हणता ना? मग सांबराला शिंगं चालतात, माणसाला बंदूक का नाही?

ओतूरकर
सहजच, चित्त्यावर बंदूक चालवूनच झालीय. 1952 साली तो देशातून संपल्याचं सरकारनं जाहीर केलं. सांबरानं शिंगांनी कुणाची जात संपवल्याचं ऐकिवात नाही.
रात्रपाळी, शेळीला माझ्याकडे उत्तर नाही. दिवसा लाईट आणि जाळीचा बंदिस्त गोठा मागा, पहिली सही माझी. पण एक बिबट्या उचलला की रिकाम्या जागी दुसरा येतोच. ऊसतोडीत बछडे सापडतात तेव्हा क्रेटमध्ये तिथंच बांधाला ठेवतात, रात्री आई येऊन घेऊन जाते. नेऊन अनाथ करण्यापेक्षा हे बरं की नाही?

रात्रपाळी
पाहिलंय ते. शेजाऱ्याच्या फडात दोन सापडले होते, मांजराएवढे. वनखात्यानं कॅमेरा लावला, आई आली, एकेक तोंडात धरून पलीकडच्या उभ्या उसात घेऊन गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
पलीकडचा ऊस माझा.