चित्रपटगृहात म्युझिकलचे थेट प्रक्षेपण : संगीत नाटकावर वाढलेल्या प्रेक्षकाला ते रुचेल का?

काठावरचा (लेस्टर)

माझे आईवडील सध्या सांगलीहून आमच्याकडे आले आहेत. वडिलांचे तरुणपण संगीत नाटकांच्या प्रयोगांना हजेरी लावण्यात गेले आणि आजही नाट्यगीत ऐकताना ते गायकाच्या गळ्याइतकेच ऑर्गनच्या साथीकडे आणि तबलजीच्या ठेक्याकडे कान देऊन असतात. लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागातले एखादे म्युझिकल, म्हणजे संवाद, गाणी आणि नृत्य यांतून कथा सांगणारे इंग्रजी नाटक, त्यांना दाखवावे, असे फार मनात होते. परंतु आईच्या गुडघ्यांना भुयारी रेल्वेचे जिने आणि तिथल्या जुन्या नाट्यगृहांतल्या उभ्या पायऱ्या झेपणार नाहीत आणि तिला घरी ठेवून वडील एकटे यायला तयार नाहीत. पुढच्या महिन्यात आमच्या गावातल्या चित्रपटगृहात लंडनच्या रंगमंचावरून एका म्युझिकलचे थेट प्रक्षेपण आहे, त्याची तिकिटे काढावीत का, असा प्रश्न आहे.

माझी शंका अशी, की नाटकात कुठे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो आणि प्रक्षेपणात ते दुसराच कोणी ठरवून देतो. शिवाय आवाज ध्वनिक्षेपकांतून येणार, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाचे गाणे ऐकल्याचा अनुभव उरतो की नाही? ज्यांनी दोन्ही पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बाल्कनीची पहिली रांग (लंडन)

अवश्य न्यावे, असे माझे मत आहे. मात्र कॅमेऱ्याविषयीची आपली शंका खरी आहे आणि म्युझिकलच्या बाबतीत ती गद्य नाटकापेक्षा अधिक लागू पडते. गद्य नाटकात बहुतेक वेळा बोलणाऱ्याकडे आणि ऐकणाऱ्याकडे पाहिले की काम भागते. म्युझिकलमध्ये पंचवीसतीस माणसे एकाच वेळी गात, नाचत असतात आणि कित्येकदा अर्थ त्यांतल्या कोणा एकात नसून त्या सर्वांच्या एकत्र दिसण्यात असतो.

मी ‘बिली इलियट’ हे म्युझिकल व्हिक्टोरिया पॅलेस नाट्यगृहात पाहिले होते आणि नंतर २८ सप्टेंबर २०१४ रोजी तिथूनच झालेले त्याचे थेट प्रक्षेपण चित्रपटगृहात पाहिले, म्हणून त्याचेच उदाहरण देतो. इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम परगण्यात १९८४–८५ च्या कोळसा खाणकामगारांच्या संपाच्या काळात एका खाणकामगाराचा मुलगा बॅले शिकतो, ही त्याची कथा. संगीत एल्टन जॉन यांचे, संहिता आणि गीते ली हॉल यांची, दिग्दर्शन स्टीफन डॉल्ड्री यांचे. त्यात ‘सॉलिडॅरिटी’ नावाचा एक प्रवेश आहे. एका बाजूला बॅलेचा वर्ग चालू आहे, दुसरीकडे संपकरी कामगार आणि त्यांच्यासमोर पोलिसांची फळी, आणि हे तिन्ही गट एकाच जागेत एकमेकांतून नाचत जातात. लहान मुली आपले धडे गिरवत असतात आणि त्यांच्या डोक्यांवरून मोठ्या माणसांच्या शिव्या जात असतात. नाट्यगृहात माझी नजर सतत फिरत होती आणि त्या फिरण्यातच मला कळत होते, की या गावात कोणाचेही आयुष्य संपापासून वेगळे राहिलेले नाही. पडद्यावर रंगमंच पूर्ण दिसत असे तेव्हा हा परिणाम टिकत होता. कॅमेरा एखाद्याच चेहऱ्यावर गेला, की ते नुसते चांगले नृत्य उरत होते.

उलट दुसऱ्या अंकातला स्वप्नातला बॅले मला पडद्यावर अधिक भिडला. लहान बिली आणि त्याचे भविष्यातले मोठे रूप ‘स्वान लेक’ या प्रसिद्ध बॅलेच्या संगीतावर एकत्र नाचतात आणि मुलगा तारेच्या आधाराने हवेत उचलला जातो. त्या रात्री बिली होता अकरा वर्षांचा एलियट हॅना आणि मोठ्या बिलीच्या जागी नाचत होता लियाम माउअर, म्हणजे २००५ साली प्रयोग सुरू झाला तेव्हाच्या तीन मूळ बिलींपैकी एक. ही गोष्ट माहीत असलेल्या प्रेक्षकाला त्या दोघांचे जवळून दिसणारे चेहरे काय देऊन जातात, ते बाल्कनीतून मला कधीच मिळाले नसते. शेवटी आजीमाजी पंचवीस बिली एकाच वेळी रंगमंचावर आले, तेव्हा आमचे चित्रपटगृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या आठवड्याअखेर ब्रिटन आणि आयर्लंडच्या तिकीटविक्रीत हे प्रक्षेपण नेहमीच्या चित्रपटांना मागे टाकून पहिल्या क्रमांकावर होते.

फेडर (मँचेस्टर)

मी ध्वनीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून आपल्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. आजच्या वेस्ट एंडमधल्या म्युझिकलमध्ये गायकाचा आवाज नाट्यगृहातही ध्वनिक्षेपकांतूनच येतो. प्रत्येक नटाच्या केसांच्या कडेला किंवा टोपात एक बारीक बिनतारी मायक्रोफोन लपवलेला असतो आणि प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला बसलेला ध्वनिसंयोजक संहिता समोर ठेवून ओळीओळीला ज्याचे वाक्य असेल त्याचाच मायक्रोफोन उघडतो आणि लगेच बंद करतो. त्यामुळे अशा प्रयोगाचे प्रक्षेपण होताना आवाजाच्या बाबतीत जे हरवते ते आपण समजता तितके नाही. प्रक्षेपणासाठी हेच सारे मायक्रोफोन स्वतंत्र घेऊन बाहेरच्या वाहनात त्यांचे वेगळे मिश्रण करतात आणि प्रेक्षागृहात टांगलेल्या मायक्रोफोनमधून टाळ्यांचा, हशाचा आणि त्या जागेच्या घुमाऱ्याचा अंश त्यात मिसळतात.

ऑपेराची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ पासून चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपणे सुरू केली आणि या प्रकाराला आजचे रूप मुख्यतः तिथूनच आले. पण तिथले गायक सभागृहात ध्वनिवर्धकाशिवाय गातात आणि पूर्ण वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे हीच त्या कलेची कसोटी असते. चित्रपटगृहात मोठ्या आवाजाचा गायक आणि लहान आवाजाचा गायक जवळजवळ सारखेच ऐकू येतात, कारण पातळी आमच्यासारखी माणसे ठरवतात. आपल्या वडिलांना गळ्याचा आवाका ऐकायचा असेल, तर ऑपेराच्या प्रक्षेपणात त्यांचे अधिक नुकसान होईल आणि म्युझिकलच्या प्रक्षेपणात कमी.

साथीविषयी मात्र त्यांच्या मनाची तयारी करून ठेवावी. बहुतेक नाट्यगृहांत वादक रंगमंचापुढच्या खड्ड्यात किंवा रंगमंचाच्या खाली असतात आणि ते दिसत नाहीत. अपवाद म्हणून २ डिसेंबर २०१९ रोजी लंडनच्या गिलगुड नाट्यगृहातून प्रक्षेपित झालेला ‘ले मिझेराब्ल’चा मैफलीच्या स्वरूपातला प्रयोग पाहावा. त्यात वादक रंगमंचावरच मागे बसले होते आणि अल्फी बो, मायकेल बॉल यांच्यासारखे गायक वेशभूषेसह पुढे मायक्रोफोनपाशी उभे राहून गात होते. हालचाल कमी असल्यामुळे कॅमेऱ्याने काय निवडावे हा प्रश्नच तिथे बोथट होतो. संगीत नाटक पाहिलेल्या माणसाला ही मांडणी परकी वाटणार नाही.

नरिमन पॉइंट (मुंबई)

बाल्कनीची पहिली रांग यांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. आपल्याला जे तिकीट परवडते त्या जागेवरून चेहरे दिसतच नाहीत, आणि चेहऱ्याशिवाय म्युझिकलमधले एकट्याचे गाणे अर्धेच पोहोचते, असे मला वाटते. इथे मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात लंडनच्या नॅशनल थिएटरची आणि मेट्रोपॉलिटन ऑपेराची प्रक्षेपणे दाखवतात आणि मी त्यांना नियमाने जाते. लंडनचा संध्याकाळी ७ चा प्रयोग आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला सुरू होतो, त्यामुळे आम्हाला ती मुद्रित स्वरूपातच पाहावी लागतात. चित्र तेच, आवाज तोच, पण हे आत्ता या क्षणी घडते आहे, गायकाचा श्वास चुकला तर तो आत्ता चुकेल, ही जाणीव त्यात नसते आणि तिच्यावाचून मी निम्म्या लक्षाने पाहते. आपल्याला लेस्टरमध्ये ती मिळणार आहे, म्हणून शक्यतो थेट प्रक्षेपणाच्या दिवसाचेच तिकीट काढावे, नंतर होणाऱ्या पुनःप्रदर्शनाचे नको.

रंगमंचावर चित्रित झालेली प्रत्येक गोष्ट याच जातीची नसते, हेही लक्षात ठेवावे. ‘हॅमिल्टन’चे चित्रण जून २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स नाट्यगृहात प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगांतून केले आणि काही गाणी प्रेक्षक नसताना, कॅमेरे थेट रंगमंचावर नेऊन पुन्हा घेतली, ते सारे जोडून २०२० साली प्रसिद्ध झाले. ते उत्तम आहे, परंतु तो संकलनाच्या टेबलावर घडलेला चित्रपट आहे.

आता आपल्या वडिलांच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. संगीत नाटकातले पद किती वेळ चालेल हे त्या रात्रीचे प्रेक्षक ठरवत आले आहेत. दाद मिळाली की गायक नट आणखी एक जागा घेतो, वन्स मोअर आला की पद पुन्हा होते, आणि तबलजीला हे सारे डोळ्यांच्या इशाऱ्यावर कळते. म्युझिकलमध्ये असे काही होत नाही. गाणे स्वरलिपीत मोजून बांधलेले असते, संगीतसंचालकाची काठी, दिव्यांचे बदल आणि नेपथ्याची सरकती चाके त्या मोजणीवर चालतात. वडील चित्रपटगृहात बसून ‘वा’ म्हणाले तरी गायकाला ते ऐकू येणार नाही, हे तर झालेच. पण ते प्रत्यक्ष पहिल्या रांगेत असते तरी गायकाने त्यांच्यासाठी एकही आलाप वाढवला नसता. त्यामुळे या प्रकारात प्रक्षेपणाने प्रेक्षकाचे जे नुकसान होते, ते आपल्या संगीत नाटकाच्या प्रक्षेपणात झाले असते त्याहून पुष्कळ कमी आहे.

फेडर

नरिमन पॉइंट यांचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो आणि तांत्रिक बाजूनेही तो खरा आहे. थेट प्रक्षेपण शक्य होते तेच मुळी त्या मोजणीमुळे. प्रयोगाआधी कॅमेऱ्यांसह तालमी होतात, कॅमेऱ्याच्या प्रत्येक दृश्याला क्रमांक देऊन संहिता आणि स्वरलिपीवर त्याची नोंद होते, आणि प्रयोग चालू असताना एक जण मात्रा मोजत पुढच्या दृश्याचा क्रमांक सांगत जातो. नटाचा संवाद लांबला तर वाद्यवृंदाने दोनचार मात्रा फिरवत राहाव्यात एवढी मोकळीक काही ठिकाणी ठेवलेली असते, त्यापलीकडे नाही. चांगल्या प्रक्षेपणात दृश्य बदलते ते गाण्याच्या समेवर किंवा श्वासावर. वाईट प्रक्षेपणात ते मधेच कुठेतरी बदलते आणि संगीत न कळणाऱ्यालाही काहीतरी टोचत राहते.

संगीत नाटकाचे असे चित्रण करायचे असेल, तर दृश्यांची आगाऊ यादी उपयोगाची नाही. मैफल चित्रित करताना करतात तसे, गायकाकडे आणि साथीदारांकडे एकेक कॅमेरा कायम लावून, राग आणि नाटक दोन्ही जाणणाऱ्या माणसाला कॅमेरे बदलण्याच्या बटणांपाशी बसवावे लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले तेव्हापासूनची ही परंपरा आहे; तिचे आज होणारे चांगले प्रयोग, प्रेक्षकांच्या दादेसकट, अशा काळजीने मुद्रित झाले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. एका कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा ठेवून केलेल्या चित्रणांत साथीचा आवाज इतका दबलेला असतो, की ऑर्गन आहे की नाही हेही कळत नाही.

काठावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना हा सारा संवाद वाचून दाखवला. पद लांबत नाही, हे ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की तरीही तिकिटे काढ. आईचा प्रश्न मात्र भाषेचा आहे. तिला इंग्रजी समजते, पण गाण्यातले शब्द आणि इथले प्रादेशिक उच्चार कितपत कळतील याची शंका वाटते. आसन कुठले घ्यावे, हेही कळवावे.

बाल्कनीची पहिली रांग

ऑपेराच्या प्रक्षेपणात पडद्यावर उपशीर्षके असतात. म्युझिकलच्या प्रक्षेपणात ती सहसा नसतात. काही चित्रपटगृहे श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी शब्दपट्टीसह वेगळा खेळ ठेवतात, त्याची चौकशी तिकीटखिडकीवर करावी, परंतु तो बहुधा पुनःप्रदर्शनाचा असेल. ‘बिली इलियट’मधले ईशान्येकडचे उच्चार मलाही सुरुवातीला अवघड गेले होते. आईंना कथानक आधी अंकवार सांगून ठेवावे आणि दोनतीन मुख्य गाणी घरी शब्द समोर घेऊन ऐकवावीत. ओळखीची चाल आली की शब्द आपोआप सापडतात. मध्यंतर नाट्यगृहातल्यासारखेच असते, त्यामुळे गुडघ्यांना विश्रांती मिळेल. त्या वेळात पडद्यावर अनेकदा कलाकारांच्या मुलाखती दाखवतात, तेव्हा वडिलांना जागेवरच बसू द्यावे.

फेडर

आसन मधल्या ओळीत, पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर घ्यावे. ध्वनी तिथेच सर्वांत समतोल लागतो आणि रंगमंच पूर्ण दिसत असताना सबंध चौकट एका नजरेत मावते. सुरुवातीलाच ओठांची हालचाल आणि आवाज मागेपुढे वाटले, तर लगेच बाहेर जाऊन कर्मचाऱ्यांना सांगावे. उपग्रहावरून येणारे चित्र आणि ध्वनी यांचा मेळ प्रत्येक चित्रपटगृहात वेगळा बसवावा लागतो, तो प्रयोग चालू असतानाही दुरुस्त करता येतो, आणि कोणी सांगितले नाही तर तो तसाच मध्यंतरापर्यंत राहतो.