१८९५चं राण्यांचं बंड फक्त भत्त्यावरून पेटलं का?

फोंड्याहून:
सप्टेंबर १८९५मध्ये पणजीतल्या पोर्तुगीज फौजेतल्या मराठा सैनिकांनी भत्त्याच्या वादावरून मोझांबिकला, म्हणजे पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, जायला नकार दिला आणि हत्यारांसकट गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला नाणूसचा किल्ला गाठला. पुढे सत्तरीच्या राणे घराण्यातले दादा राणे त्यांना मिळाले. शाळेत एवढंच शिकलो. नुसत्या भत्त्यासाठी कोणी एवढा जीव धोक्यात घालेल, हे मला पटत नाही.

सत्तरीकर:
मलाही कधी पटलं नाही. भत्त्याची तक्रार होतीच, पण आधी आफ्रिकेकडे बघा. १८९०मध्ये इंग्रजांनी दम भरला आणि पोर्तुगालला तिथे माघार घ्यावी लागली. उरलेला मुलूख काहीही करून राखायचा, असं लिस्बनने ठरवलं. १८९४मध्ये मोझांबिकमधल्या लोरेन्सु मार्किशवर (आजचं मापुतो) तिथल्याच लोकांनी हल्ला केला, तिथल्याच गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना जुमानत नव्हता. त्याच्यावर घालायला माणसं हवी होती, ती गोव्यात शोधली.

माझं आजोळ वाळपईकडचं, म्हणून हे जरा जिव्हाळ्याने लिहितो. घरचा कर्ता पुरुष दर्यापार गेला तर मागे शेत कोणी कसायचं, बायकापोरांना कोणी बघायचं? शिवाय दर्या ओलांडला की धर्म बुडतो, ही त्या काळच्या हिंदू शिपायाची खरी धास्ती होती. आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्यासारख्याच दुसऱ्या गुलाम मुलखाला चिरडायला! त्यांचा नकार मला पूर्ण न्याय्य वाटतो.

साखळीहून:
सैनिकांचं बरोबर, पण राणे त्यांच्यामागे का उभे राहिले तेही सांगा. राणे सत्तरीचे मोकासदार, म्हणजे महसुलाचे हक्क असलेले वतनदार. अठराव्या शतकात नव्या काबिजादी (सत्तरीसारखे नंतर जिंकलेले मुलूख) घेताना पोर्तुगीजांनी जुने हक्क आणि चालीरीती राखायचं कबूल केलं होतं. तो शब्द पुन्हा पुन्हा मोडला. १८५२मध्ये दिपाजी राणे उठले तेही याच नाणूसच्या किल्ल्यावरून, आणि तीन वर्षं झुंजले.

सत्तरीकर:
अगदी मान्य. त्या जुन्या रागाशिवाय सैनिकांना सत्तरीत थारा मिळाला नसता. हुकूम मोडून ते दुसरीकडे न जाता थेट नाणूसला गेले ते त्यामुळेच. आफ्रिकेसाठी गोव्यातून कुमक न्यायची होती, झालं उलटंच: पोर्तुगालचा राजा कार्लुशचा भाऊ दों आफोंसु लिस्बनहून फौज घेऊन गोव्यात उतरला. पुढे दादा राण्यांना तिमोरला हद्दपार केलं. गुंगुन्याना डिसेंबर १८९५मध्ये पकडला गेला, त्यालाही त्याच्या मुलखातून कायमचं नेलं. हे दोन्ही लढे एकाच धड्यात शिकवायला हवेत.