कॉन्ट्रॅक्ट नोटवर हरकत घेतली नाही म्हणजे सौद्याला होकार दिला का?

मृद्गंध
वडिलांच्या खात्यात ब्रोकरच्या डीलरने (ग्राहकांच्या ऑर्डर टाकणारा कर्मचारी) त्यांना न विचारता पाच महिने ऑप्शन्सचे (शेअरच्या भावाच्या चढउतारावर लावलेले, ठरावीक मुदतीचे) सौदे केले. वडील ७१ वर्षांचे. आयुष्यभर शेअर घेतले आणि ठेवून दिले, एवढीच त्यांची गुंतवणूक. माझ्या लक्षात आलं तेव्हा ९ लाख गेले होते. स्मार्ट ओडीआर या गुंतवणूकदारांच्या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार केली, समेट फिसकटला, मग लवाद. दावा ३० लाखांच्या आतला, त्यामुळे एकच लवाद. सुनावण्या व्हिडिओवर झाल्या, निवाडाही लवकर आला. उशिराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

निवाड्यात फक्त पहिल्या महिन्याचं नुकसान मिळालं. पुढच्या चार महिन्यांबद्दल लिहिलंय की कॉन्ट्रॅक्ट नोट (त्या दिवशीच्या सौद्यांचा ब्रोकरने पाठवलेला तपशील) ईमेलवर येत होत्या, एक्स्चेंजचे एसएमएस येत होते, तरी तुम्ही हरकत घेतली नाही.

सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २२ मार्च २०१८ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने जपायचा असतो: सही, रेकॉर्डिंग, ईमेल, काहीतरी. वाद झाला तर तो दाखवायची जबाबदारीही ब्रोकरचीच. इथे एकही रेकॉर्डिंग नव्हतं. ऑर्डरचाच पुरावा नसेल तर गप्प राहण्याला होकार धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

खतावणी
ब्रोकरच्या बॅक ऑफिसला २२ वर्षं काढली आहेत. तुमच्या वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटलं, पण तुमचा नियम मान्य नाही. फोनवर हो म्हणायचं, नफा झाला तर ठेवून घ्यायचा आणि तोटा झाला की ‘मी सांगितलंच नव्हतं’, असे ग्राहक मी शेकड्याने पाहिलेत. एसएमएस आणि कॉन्ट्रॅक्ट नोट कशासाठी असतात? सौदा लपू नये म्हणूनच ना? लेजर (खात्याचा जमाखर्च) काढून बघा. मधल्या काळात मार्जिनसाठी (सौद्यांपोटी ठेवावी लागणारी अनामत) पैसे कोणी भरले?

मृद्गंध
दुसऱ्या महिन्यात वडिलांनी दीड लाख पाठवले, हे खरं आहे. डीलरचा फोन आला होता, ‘काका, आज भरले नाहीत तर तुमचे शेअर विकले जातील.’ घाबरून पाठवले. तो फोन डीलरच्या स्वतःच्या मोबाईलवरून होता, म्हणून रेकॉर्डिंग नाही.

सनद
मी गुंतवणूकदारांच्या बाजूने अशी प्रकरणं लढते. खतावणी, नफ्याचे सौदे ठेवून तोट्याचे नाकारता येत नाहीत, हे बरोबर. पण म्हणून पुराव्याचा भार ग्राहकावर सरकत नाही. दीड लाख पाठवले याचा अर्थ त्याआधीचे सौदे कळले होते, फार तर एवढाच. पुढच्या तीन महिन्यांच्या सौद्यांना आगाऊ परवानगी दिली, असा नाही.

मृद्गंध, दोन प्रश्न. नोंदवलेला ईमेल कोणाचा होता? आणि ऑर्डर कुठल्या टर्मिनलवरून, कोणाच्या लॉगिनने पडल्या, त्याचा लॉग सुनावणीत मागितला होता का? पाच महिन्यांची ब्रोकरेज (ब्रोकरची दलाली) किती झाली, हेही मांडायला हवं होतं. सौद्यांतून कमाई कोणाची होत होती, ते त्यातून दिसतं.

१९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांत कोर्टात जाता येतं. पण कोर्ट पुरावा पुन्हा तोलत नाही. लवादासमोर जे मागायचं राहिलं, ते बहुतेक वेळा कायमचं राहतं.

मृद्गंध
ईमेल वडिलांचा, पण तो बघायचो मी. कॉन्ट्रॅक्ट नोटची पीडीएफ पासवर्ड टाकून उघडावी लागते. एकही उघडली नाही. लॉग मागितला नाही. तो मागता येतो हेच माहीत नव्हतं. वकील केला नव्हता.

खतावणी
मोबाईलवरच्या फोनबाबत वाद नाही. आमच्याकडेही रेकॉर्डिंग लाइन सोडून डीलर सर्रास स्वतःच्या मोबाईलवरून बोलायचे आणि वरिष्ठ डोळेझाक करायचे. हे चूकच. तिथे ब्रोकरला दंड करा, माझी हरकत नाही. पण पाच महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा न उघडता राहिल्या, त्याची किंमत पूर्णपणे ब्रोकरने भरावी, हे मला आजही पटत नाही.

सनद
पूर्णपणे नाही, पण शून्यही नाही. दोघांची चूक असेल तर लवादाने नुकसान वाटून द्यावं. पहिला महिना आणि बाकीचे चार अशी कुऱ्हाडीने खांडोळी करू नये. मृद्गंध, निवाड्याची प्रत कोणत्या तारखेला हातात पडली? तीन महिने तिथून मोजायचे.

मृद्गंध
सात आठवडे झाले. परिपत्रकाचा निवाड्यात साधा उल्लेखही नाही, मी लेखी दिलं होतं तरी. त्या मुद्द्यावर अर्ज करतोय.