मदत हवी आहे: लँकेशायर मागावर काम केलेल्यांच्या आठवणी

इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या बर्नली, ब्लॅकबर्नकडच्या, तिथले यंत्रमाग चालवलेल्या निवृत्त विणकरांच्या आठवणी मराठीत मांडायच्या आहेत. गिरणगाव, सोलापूर किंवा इचलकरंजीत असाच माग चालवलेल्यांनी (किंवा त्यांच्या मुलांनी) तपशील तपासून द्यावेत, ही विनंती.

तिकडे एका विणकराकडे बहुधा चार माग, मिनिटाला साधारण २०० फेके (म्हणजे धोट्याच्या, आडवा धागा नेणाऱ्या नळीसारख्या साधनाच्या, फेऱ्या). बाण्याचा (आडवा) धागा तुटला की बाजूचा छोटा काटा हलत नाही, त्याची शेपटी हातोडीच्या आकड्यात अडकते आणि माग थांबतो. काट्यासमोरच्या जाळीत कापसाची धूळ साचली, की तीच काट्याला ढकलते आणि धागा तुटूनही माग चालूच राहतो; काटा वाकला, तर धागा शाबूत असतानाही माग बंद पडू शकतो. ताण्याच्या (उभ्या) धाग्यांना मात्र साध्या मागावर अशी सोय नव्हती, सगळी भिस्त नजरेवर. तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत गुंतला आणि धोटा मध्येच अडकला, तर एका झटक्यात शेकडो धागे तुटत. आठवणींमध्ये सर्वाधिक धास्ती याचीच आहे.

नवी कांडी (बाण्याचा धागा गुंडाळलेली नळी) धोट्यात भरली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचे. रोग पसरायचे, दात खराब व्हायचे. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात बोलणे ओठांच्या हालचालींवरून चाले.

आपल्याकडे धागा तोंडाने ओढत की आकड्याने? काट्याची जाळी किती दिवसांनी साफ करत? तुटलेला ताणा सांधायला जॉबर (माग दुरुस्त करणारा मुकादम) येई की विणकरच बसे? आणि आवाजात हातखुणा कोणत्या होत्या? गिरणीतले खाते (विभाग) आणि अंदाजे साल सांगितलेत तर फार उपयोग होईल.